शिक्क्याविना नाणे : ‘मेम ऊ झीन’ आणि कुर्दी राष्ट्रभान

१९६८ साली इस्तंबूलमध्ये छापल्या गेलेल्या एका प्रेमकाव्यावर तुर्की सरकारने बंदी घातली आणि ते छापणाऱ्या संपादकावर खटला भरला. काव्य लिहून तेव्हा सुमारे पावणेतीनशे वर्षे झाली होती. त्यातला नायक तळघरातल्या कोठडीत झिजून मरतो, नायिका त्याच्या कबरीवर प्राण सोडते, आणि सरकार उलथवण्याची भाषा कथेच्या ओघात कुठेही येत नाही. याच काव्याची मूळ कुर्दी पाठासह तुर्की अनुवाद असलेली आवृत्ती २०१० साली तुर्कस्तानच्या संस्कृती मंत्रालयाने स्वतः काढली. मधल्या ४२ वर्षांत काव्यातला एक शब्दही बदललेला नव्हता. मग बंदी कशावर होती आणि पुढे शिक्कामोर्तब झाले ते कशावर, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

काव्याचे नाव ‘मेम ऊ झीन’ आणि कवी अहमद खानी, ज्याला कुर्द ‘एहमदे खानी’ म्हणतात. तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेल्या, अंदाजे ३ ते ४ कोटी लोकसंख्येच्या या समाजात ‘आमचे राष्ट्रीय महाकाव्य कोणते’ असे विचारले, तर बहुतेकांच्या तोंडी हेच नाव येते. साहित्य राष्ट्र घडवते, असे विधान आपण सहज करून मोकळे होतो. ते नेमके कसे घडवते, कोणत्या हातांनी आणि कोणत्या अडचणीतून, हे एकाच ग्रंथाचा माग काढत गेल्यास अधिक नीट कळते, म्हणून इथे फक्त या एका काव्याचा विचार केला आहे.

सरहद्दीवरचा मुल्ला

खानीने आपल्या जन्माचे वर्ष काव्यातच दिले आहे : हिजरी १०६१, म्हणजे इसवी सन १६५०-५१. काव्य पुरे झाले तेव्हा आपण चव्वेचाळीस वर्षांचे झालो, असेही तो सांगतो. त्या हिशेबाने रचनेचे साल हिजरी ११०५, म्हणजे इसवी १६९३-९४ येते, जरी अनेक पुस्तकांत १६९२ किंवा १६९५ छापलेले आढळते. मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो की खानी शिवछत्रपतींहून वीसएक वर्षांनी लहान होता.

त्याचे आयुष्य मुख्यतः बायझीद या गावी गेले. आजच्या तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, अरारात पर्वताच्या पायथ्याशी असलेले हे गाव तेव्हा उस्मानी (तुर्की) आणि सफवी (इराणी) या दोन साम्राज्यांच्या अगदी सांध्यावर होते. १५१४ साली चाल्दिरानच्या लढाईनंतर बहुतेक कुर्दी संस्थानिक, ज्यांना मीर म्हणत, उस्मानी सुलतानाच्या छत्राखाली गेले. १६३९ च्या झुहाबच्या तहाने दोन्ही साम्राज्यांमधली सरहद्द बरीचशी पक्की केली, आणि ती कुर्दी मुलखाच्या मधून गेली. दोन्ही बाजूंनी कुर्द टोळ्या सैन्यात होत्या आणि लढाई झाली की दोन्हीकडून मरत होत्या. खानीच्या तक्रारीचे मूळ या भूगोलात आहे.

खानी धर्मशास्त्र शिकवणारा मुल्ला होता आणि मुलांना शिकवत असे. ‘मेम ऊ झीन’च्या दहा-अकरा वर्षे आधी, १६८३ साली, त्याने ‘नूबिहारा बिचूकान’ नावाचा अरबी-कुर्दी पद्यकोश रचला. आपण तो नामवंतांसाठी रचलेला नाही, कुर्मांजांच्या, म्हणजे कुर्मांजी ही कुर्दी बोली बोलणाऱ्यांच्या, लहान मुलांसाठी रचलेला आहे, असे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. कुराणाचे पठण संपले की मुलांच्या हाती हा कोश द्यायचा, असा कुर्दी मदरशांतला प्रघात पुढे दोनएक शतके टिकला. महाकाव्याच्या दिमाखापुढे हे छोटे पुस्तक झाकोळून जाते, पण माझ्या मते प्रकरणाची खरी किल्ली इथे आहे. ज्या मुलाने अक्षरओळखीनंतर लगेच आपल्या बोलीतले शब्द छापील नसले तरी लिहिलेले पाहिले, त्याच्याच पिढीतून पुढे महाकाव्याच्या नकला करणारे विद्यार्थी निघाले.

प्रस्तावनेतले बैत

‘मेम ऊ झीन’ सुमारे २६५० बैतांचे आहे. बैत म्हणजे दोन ओळींची जोडी. साचा फारसी मसनवीचा, म्हणजे जोडीजोडीने यमक जुळवलेल्या दीर्घ काव्याचा आहे, आणि शब्दांतही अरबी-फारसीची रेलचेल आहे. ईश्वरस्तुती आणि पैगंबरस्तुती झाली की कथा सुरू व्हावी, अशी वाचकाची अपेक्षा असते. खानी तिथे थांबतो आणि दोन प्रकरणे मध्ये घालतो : एक कुर्दांच्या दैन्याविषयी, दुसरे हे पुस्तक या भाषेत का लिहिले याविषयी. सगळा वाद या थोड्याशा बैतांवरून झालेला आहे.

पहिल्या प्रकरणात तो साकीला हाक मारून चषक मागतो, कारण त्या चषकात आपल्या नशिबाचा तारा कधी उगवणार ते त्याला पाहायचे आहे. मग तो सांगतो की रूमी, म्हणजे उस्मानी, आणि अजमी, म्हणजे इराणी, यांच्या मध्ये कुर्द तटबंदीसारखे उभे आहेत. चारही कडांना तेच आहेत. आणि बाण कुठूनही सुटला तरी लक्ष्य तेच होतात. इतके शूर लोक, इतके दानशूर लोक, मग वंचित का राहिले, कोणाचे अंकित का झाले, याचे त्याला कोडे पडते. त्याचे उत्तर असे की आपल्यात एकी नाही. एकी असती, आपण एकमेकांचे ऐकले असते, तर रूम, अरब आणि अजम या सगळ्यांनी आपली चाकरी केली असती, आपला धर्म आणि आपले राज्य पूर्णत्वाला गेले असते आणि विद्या व हिकमत आपण संपादन केली असती.

दुसऱ्या प्रकरणातली प्रतिमा अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण ‘साफी’, म्हणजे निवळ मद्य, बाजूला ठेवले आणि ‘दुर्दी’, म्हणजे तळाचा गाळ, प्यायलो, असे तो म्हणतो. निवळ मद्य म्हणजे फारसी आणि गाळ म्हणजे कुर्दी. पुढच्याच ओळीत याच ‘कुर्दी’ला तो ‘दुर्र’ म्हणजे मोत्याची उपमा देतो. दुर्दी, दुर्र, कुर्दी : तीन शब्दांचा हा खेळ कानाने ऐकला तरच लागतो. गाळ म्हणून हिणवलेल्या भाषेला त्याच श्वासात मोती ठरवण्याची ही करामत भाषांतरात हरवते. आपण हे का केले, याचे कारणही तो देतो. कुर्दांना विद्या नाही, मूळ नाही, पाया नाही, असे लोकांनी म्हणू नये. सगळ्या समाजांकडे ग्रंथ आहेत आणि एकट्या कुर्दांचा हिशेबच नाही, असे होऊ नये.

आणि मग नाण्याची उपमा येते. आपली रचना तांब्याचे नाणे आहे, सोने-चांदी नव्हे, हे तो कबूल करतो. पण त्यात भेसळ नाही, ते निखळ तांबे आहे, आणि चलनी नाही याचे कारण एवढेच की त्यावर कोणा राजाचा शिक्का नाही. आपल्याला राजा असता तर हे नाणे टाकसाळीतून निघाले असते आणि संशयित म्हणून पडून राहिले नसते. मलाए जझीरी, अली हरीरी आणि फेकिये तेयरान या आधीच्या कुर्दी कवींची नावे घेऊन तो म्हणतो की दिवस बरे असते तर त्यांचे आत्मे आपण जिवंत केले असते. शेवटी फळ आणि मूल यांच्या उपमा येतात : हे फळ रसाळ नसेल, पण कुर्मांजी आहे, तेवढे पुरे, हे मूल देखणे नसेल, पण पहिलटकरणीचे आहे, म्हणून मला फार गोड आहे.

शिक्क्याची उपमा देणारा हा माणूस राजाशिवाय भाषेला प्रतिष्ठा मिळण्याची कल्पनाच करू शकत नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढच्या दोनशे वर्षांत नेमके तेच घडले.

कथा, आणि बेकोचे काय करायचे

कथा जझीरा-बोटान इथे घडते, म्हणजे तैग्रिस नदीकाठच्या आजच्या जिझरे शहरात. मीर झैनुद्दीनच्या दोन बहिणी, सिती आणि झीन. वजिराचा मुलगा ताजदीन आणि त्याचा जिवलग मित्र मेम. नौरोझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या दिवशी सगळे गाव रानात जाते. दोघी बहिणी पुरुषी वेशात आणि दोघे मित्र बायकी वेशात निघतात; एकमेकांना पाहताच चौघांची शुद्ध हरपते आणि अंगठ्यांची अदलाबदल होते. सितीचे ताजदीनशी लग्न लागते. झीन आणि मेम यांचे लागत नाही, कारण मीरचा द्वारपाल बेकिर, लोकांच्या तोंडी बेको, मीरच्या कानाला लागतो. एकदा दोघे पकडले जाण्याच्या बेतात असताना ताजदीन मित्राला वाचवण्यासाठी स्वतःच्या घराला आग लावतो, जेणेकरून सगळे तिकडे धावतील. पुढे बुद्धिबळाच्या डावात मेमची नजर झीनवर जाते, तो हरतो, गुपित फुटते आणि त्याची रवानगी कोठडीत होते. वर्षभरात तो मरतो. ताजदीन बेकोला ठार मारतो. झीन मेमच्या कबरीवर मरते आणि दोघांना एकत्र पुरतात.

ही कथा खानीने रचलेली नाही. ‘मेमे आलान’ या नावाने ती देंगबेज, म्हणजे गाऊन सांगणारे शाहीर, आधीपासून गात होते आणि नंतरही गात राहिले. तिचा एक मौखिक पाठ फ्रेंच अभ्यासक रोजे लेस्को याने १९४२ साली बैरूतमध्ये प्रसिद्ध केला. त्यात पऱ्या आहेत, अद्भुत घोडा आहे, दूरदेशीचा राजपुत्र मेम आहे. खानीने पऱ्या काढल्या, घटना जझीऱ्याच्या दरबारात बसवली आणि त्यावर सूफी तत्त्वज्ञान चढवले. म्हणून शेतकऱ्याला ठाऊक असलेला मेम आणि मुल्लाला ठाऊक असलेला मेम एकच नव्हते. पण नाव एकच होते, आणि राष्ट्रीय महाकाव्य म्हणून खानीचा ग्रंथ पुढे आला तेव्हा तो कधीही न वाचलेल्या माणसालाही आपलाच वाटला, तो या समान नावामुळे. फारसी वळणाचा कठीण ग्रंथ एरवी गावोगावी मान्य होणे अवघड होते.

विसाव्या शतकात कथेचा अर्थ लावण्याची एक ठरावीक रीत पडली : मेम आणि झीन म्हणजे ताटातूट झालेली कुर्दस्तानची दोन अंगे, आणि बेको म्हणजे आपल्यातली फूट, आपल्यातलाच घरभेदी. रोजच्या कुर्दी बोलण्यात आजही चुगलखोर, लावालावी करणाऱ्या माणसाला ‘बेको’ म्हणतात. मराठीत ‘आनंदीबाई’ किंवा ‘कळीचा नारद’ म्हणावे त्या चालीवर. राजकीय भाषणाला ही उपमा आयती मिळाली.

मात्र खानीचा बेको या अर्थात मावत नाही. त्याच्या काव्यात झीन मरण्यापूर्वी बेकोची बाजू घेते. तो आडवा आला म्हणूनच आमचे प्रेम देहापासून सुटून शुद्ध झाले. काटा नसेल तर गुलाबाची राखण कोण करील. म्हणून त्याला आमच्या जवळच पुरा, असे तिचे म्हणणे आहे. सूफी विचारात दुष्टावाही ईश्वरी योजनेचा भाग असतो, आणि खानी तिथे पूर्णपणे सूफी आहे. दुसरीकडे दोन कबरींच्या मध्ये बेकोच्या रक्तातून उगवलेले काटेरी झुडूप मृत्यूनंतरही दोघांची मुळे एकमेकांत गुंतू देत नाही, ही लोकप्रतिमा राजकीय वाचनाला अधिक सोयीची होती, आणि तीच जास्त फिरली. जिझरेत मीर अब्दाल मदरशाच्या तळघरात मेम-झीनच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरी आहेत, आणि तिथे येणाऱ्याला बेकोची कबरही दाखवतात.

हस्तलिखितातून वर्तमानपत्रात

पहिली दोनशे वर्षे काव्य नकलांतून जगले. मदरशातले विद्यार्थी, ज्यांना फेकी म्हणत, एका गुरूकडून दुसऱ्याकडे भटकत आणि सोबत वह्या नेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एर्झुरूम इथल्या रशियन कॉन्सुलेटमधील अलेक्सांद्र जाबा याने कुर्दी हस्तलिखिते जमवायला घेतली. त्याचा मुख्य मदतनीस मुल्ला महमूद बायझीदी खानीच्याच गावचा होता, आणि या खटपटीमुळे खानीचे नाव सेंट पीटर्सबर्गच्या विद्वानांपर्यंत गेले. कुर्दी राष्ट्रभानाशी त्याचा थेट संबंध कमी. पण पुढे १९६२ साली मार्गारीता रुदेन्को यांनी मॉस्कोतून काढलेली चिकित्सक आवृत्ती या संग्रहाच्या पायावर उभी राहिली.

खरे वळण मात्र पराभवातून आले. तन्झीमात सुधारणांच्या काळात उस्मानी सरकारने कुर्दी संस्थाने एकेक करून मोडली. बोटानचा मीर बदिरखान १८४७ साली शरण आला आणि त्याला क्रीट बेटावर पाठवण्यात आले. त्याची मुले-नातवंडे इस्तंबूल, दमास्कस, कैरो अशा शहरांत वाढली. गढी गेली आणि हाती शिक्षण, फ्रेंच भाषा व वर्तमानपत्रे आली. याच इस्तंबूलमध्ये कोया भागातला कवी हाजी कादिर कोयी उतरत्या वयात राहिला आणि त्याने बदिरखान घराण्यातल्या मुलांना शिकवले. हाजी कादिर सोरानी बोलीत लिहीत असे, तर खानीचे काव्य कुर्मांजीत, तरीही त्याने खानीला डोक्यावर घेतले. कुर्दांत कुर्दी पद्याचा पाया घातला तो शेख खानीने आणि या हाजीनेच, असे तो स्वतःला जोडून घेत म्हणतो. राज्य तलवार आणि लेखणी यांच्या जोरावर टिकते, लेखणी माझ्याकडे आहे पण तलवार कुठे दिसत नाही, असेही त्याचे एक प्रसिद्ध म्हणणे आहे. खानीच्या काव्यातला राजा इथे गायब झाला आहे. लेखणी एकटीच काही करू शकेल का, हा प्रश्न खानीला पडला नव्हता; हाजी कादिरला पडला, कारण राजे त्याच्या डोळ्यांदेखत संपले होते.

हाजी कादिर १८९७ साली वारला. पुढच्याच वर्षी, २२ एप्रिल १८९८ रोजी, मिकदाद मिधत बदिरखान याने कैरोत ‘कुर्दिस्तान’ हे पहिले कुर्दी वर्तमानपत्र काढले. इजिप्त तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता, त्यामुळे सुलतान अब्दुल हमीदची कात्री तिथे थेट पोहोचत नव्हती. पुढे त्याचा भाऊ अब्दुर्रहमान याने ते हाती घेतले आणि जिनिव्हा, लंडन, फोकस्टन असे फिरत १९०२ पर्यंत ३१ अंक निघाले. या पत्रातून ‘मेम ऊ झीन’ क्रमशः छापले गेले, म्हणजे काव्य प्रथमच छापील अक्षरात आणि बातम्यांच्या शेजारी आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुलतानाच्या कारभारावर टीका असलेल्या पानावर ‘आपल्यात एकी असती तर’ हा बैत वाचणे आणि मदरशात गुरूसमोर बसून तोच बैत वाचणे, यात अर्थाचे महदंतर पडते. शब्द तेच राहिले आणि शेजार बदलला.

इथे एक गंमत नोंदवायला हवी. बदिरखान हे बोटानच्या मीरांचे घराणे. त्यांनी ज्या काव्याला राष्ट्राचा ग्रंथ म्हणून उभे केले, त्यातला बोटानचा मीर हलक्या कानाचा आणि बहिणीच्या मरणाला कारण ठरलेला आहे. आपल्या पूर्वजांच्या गादीवर बसलेला हा माणूस त्यांना खटकला नसावा, किंवा खटकूनही जझीऱ्याचे नाव ग्रंथात असणे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे.

१९१९ साली, पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर आणि कुर्दी राज्याची चर्चा चालू असताना, काव्य इस्तंबूलमध्ये पुस्तकरूपाने निघाले. काही वर्षांतच तुर्की प्रजासत्ताक स्थापन झाले आणि कुर्दी छपाईला तिथे जागा उरली नाही. काम सीरियात सरकले. जलादत अली बदिरखान याने १५ मे १९३२ रोजी दमास्कसमध्ये ‘हवार’ म्हणजे ‘हाक’ हे नियतकालिक सुरू केले, कुर्मांजीसाठी लॅटिन वर्णमाला बसवली, आणि १९४१ साली जुन्या कवींवरच्या लेखातून खानीला अभिजात परंपरेच्या केंद्रस्थानी आणले. १५ मे हा दिवस आज कुर्दी भाषा दिन म्हणून पाळतात, तर २२ एप्रिल पत्रकारिता दिन म्हणून. राज्य नसलेल्या समाजाच्या पंचांगात लढायांच्या बरोबरीने नियतकालिकांचे पहिले अंक बसले आहेत.

बंदीची किंमत

१९६८ च्या आवृत्तीचे संपादक मेहमेत एमिन बोझार्सलान स्वतः मदरशात शिकलेले होते. त्यांनी जुन्या अरबी लिपीतला पाठ लॅटिन लिपीत आणला आणि समोर तुर्की अनुवाद दिला. सरकारला खटकेल अशा प्रस्तावनेतल्या काही ओळी त्यांनी आधीच गाळल्या होत्या. तरी कारवाई टळली नाही. ज्या सरकारच्या अधिकृत भूमिकेत कुर्द नावाचा वेगळा समाज आणि कुर्दी नावाची वेगळी भाषाच नव्हती, त्याच्यापुढे सतराव्या शतकातल्या मुल्लाने ‘कुर्द’, ‘रूम’, ‘अजम’ असे तीन वेगळे शब्द वापरून ठेवलेले असणे हाच पुरावा होता. गाळलेल्या ओळी कोणत्या, हे शोधण्याची उत्सुकता मात्र बंदीनेच वाढवली. ज्या बैतांना मदरशात कदाचित प्रास्ताविक म्हणून चाळले जाई, तेच आता काव्याचा गाभा ठरले आणि हाताने उतरवून फिरू लागले.

१९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने तुर्कस्तानात कुर्दीतून प्रकाशनावर बंदी आली, ती एप्रिल १९९१ मध्ये उठली. त्याच सुमारास या कथेवर चित्रपट निघाला, पण पात्रे तुर्कीत बोलत होती. २०१० ची मंत्रालयाची आवृत्ती सरकारच्या ‘कुर्दी खुलेपणा’च्या धोरणाच्या काळातली, २०१२ पासून सरकारी शाळांत कुर्दी हा ऐच्छिक विषयही आला, शिक्षणाचे माध्यम म्हणून मात्र नाही.

खानी राष्ट्रवादी होता का

हा प्रश्न विद्वानांत अजून धुमसतो. एका बाजूचे म्हणणे असे की युरोपात राष्ट्रवाद जन्मण्यापूर्वी शंभर वर्षे खानीने भाषा, राज्य आणि समाज यांची सांगड घातली, म्हणून तो त्याचा आद्य प्रवक्ता आहे. दुसऱ्या बाजूला डच अभ्यासक मार्टिन फान ब्रुइनेसेन यांच्यासारख्यांचे म्हणणे आहे की खानीच्या लेखी ‘कुर्द’ म्हणजे मुख्यतः टोळ्या आणि त्यांचे सरदार असावेत. त्याला प्रजेचे राज्य नको होते, आश्रय देणारा राजा हवा होता. आणि ग्रंथाचा राष्ट्रीय अर्थ पुढच्या वाचकांनी घडवला.

मला दुसरे मत अधिक पटते, पण पूर्ण नाही. १५९७ साली शरफखान बिदलीसी याने कुर्दी घराण्यांचा इतिहास लिहिला, तो फारसीत आणि घराण्याघराण्यांनी विभागून. खानीच्या तक्रारीचा कर्ता एकच आहे : ‘आपण’. हा ‘आपण’ रूम, अरब आणि अजम यांच्या रांगेत उभा केलेला आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य म्हणून भाषा पुढे केली आहे. पुढच्या वाचकांनी ग्रंथात नसलेले काही शोधले हे खरे असले, तरी त्या काळातल्या प्रत्येक मसनवीत ते शोधता आले नसते. उदाहरणार्थ, मलाए जझीरीची कविता काव्य म्हणून खानीपेक्षा सरस आहे, असे मानणारे कुर्दी रसिक पुष्कळ आहेत; पण तिच्यावर कोणी चळवळ उभी केली नाही, कारण तिच्यात हा ‘आपण’ नाही.

एक ग्रंथ, अनेक लिप्या

प्रकरणातली सर्वात अवघड बाजू शेवटी उरते. ‘मेम ऊ झीन’ कुर्मांजीत आहे. सुलेमानीच्या किंवा सनंदजच्या सोरानी बोलणाऱ्या वाचकाला ते सरळ वाचता येत नाही; त्याच्यासाठी महाबाद भागातला कवी हझार याने ते सोरानीत आणले आणि १९६० साली बगदादमध्ये छापले. दियारबकरचा वाचक लॅटिन लिपीतली आवृत्ती वाचतो, एरबिलचा अरबी लिपीतली, आणि सोव्हिएत आर्मेनियातल्या कुर्दांची एक पिढी तर सिरिलिक लिपीत शिकली. शिवाय खुद्द कुर्मांजी तरुणालाही खानीचे अरबी-फारसी शब्द कोशाशिवाय लागत नाहीत. तो शेजारचे आधुनिक गद्य किंवा तुर्की भाषांतर वाचतो. म्हणजे ज्या ग्रंथाने ‘आपली भाषा’ असा आग्रह धरला, तो आज बहुतेक कुर्द अनुवादातून, टीपांतून किंवा शाहिराच्या आवाजातून ओळखतात.

म्हणून या ग्रंथाने कुर्दांना एक भाषा दिली, असे म्हणता येत नाही. त्याने दिला तो एक संदर्भ, जो चार देशांतल्या आणि तीन लिप्यांतल्या लोकांना एकाच नावाने ठाऊक आहे. बायझीदला इशाक पाशाच्या राजवाड्याजवळ, डोंगराच्या उतारावर खानीचा दर्गा आहे. तिथे नवस बोलायला येणाऱ्या आसपासच्या बायाबापड्यांना तो ‘खानी बाबा’ आहे, एक पावणारा पीर; आणि दूरच्या शहरांतून हातात पुस्तक घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना तो नाण्याच्या बैतांचा कवी आहे. दोघेही एकाच चौथऱ्यापुढे उभे राहतात.